क्यूबांतील दास-कवि आणि पद्यमय कादंबरी

१८३६ सालच्या सुमारास हवाना शहरांत श्रीमंत व सुशिक्षित गृहस्थांची एक साहित्यिक बैठक भरत असे. त्या बैठकींत एके दिवशीं एक गुलाम उभा राहिला आणि त्यानें स्वतः रचलेलें एक सुनीत वाचून दाखविलें. आपल्या आयुष्याच्या तीस वर्षांकडे वळून पाहतांना काय दिसतें, हा त्या सुनीताचा विषय होता. ऐकणारांचीं मनें द्रवलीं. त्यांनीं आपसांत वर्गणी जमविली, आठशें पेसोंच्या घरांत रक्कम गोळा झाली, ती त्याच्या धन्याच्या घरीं पोंचती झाली, आणि कवि मुक्त झाला. चौदा ओळींच्या कवितेला एवढें मोल क्वचितच मिळालें असेल. मात्र तें मोल कवीच्या हातीं पडलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या कवीचें नांव हुआन फ्रान्सिस्को मान्सानो. त्याच्या चरित्रावर मार्गारीटा एंगल या लेखिकेनें २००६ सालीं इंग्रजींत एक पद्यमय कादंबरी प्रसिद्ध केली. लेखिकेचा जन्म कॅलिफोर्नियांतला, परंतु तिची आई क्यूबाची. गेल्या कांहीं दशकांत गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यावर अशीं पद्यमय पुस्तकें बरींच निघालीं, आणि तरुण वाचकांत त्यांचा प्रसारही चांगला झाला. अशा पुस्तकाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा विचार मी आज आपणांपुढें मांडणार आहें. आणि त्यासाठीं मान्सानोइतकें चांगलें उदाहरण मला दुसरें सांपडलें नाहीं.

पद्यांत कथा सांगणें आपल्याला नवें नाहीं. कीर्तनकाराचें आख्यान, शाहिराचा पोवाडा, अर्वाचीन कवींचें खंडकाव्य, या सर्वांत पद्य कथेला पाठीवर घेऊन चालतें. पण ही पद्यमय कादंबरी थोडी निराळी आहे. तिच्यांत आरंभापासून शेवटपर्यंत बोलणारा एक निवेदक नसतो. लहान लहान मुक्तछंदांतील कविता एकापुढें एक येतात; प्रत्येकीच्या माथ्यावर बोलणाराचें नांव असतें. एंगलच्या पुस्तकांत मान्सानो बोलतो, त्याची आई मारिया देल पिलार बोलते, बाप तोरिबिओ बोलतो. आणि ज्यांनीं त्यांना राबविलें ती सरदारीण, तिचा मुलगा व मुकादम हेही बोलतात. दोन कवितांच्या मधली जागा कोरी राहते. काय घडलें तें वाचकानें त्या कोऱ्या जागेंत समजून घ्यावयाचें असतें.

आतां प्रथम त्या माणसाचीच हकीगत ऐकूं. मान्सानो १७९७ च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटीं जन्मला. त्याची पहिली मालकीण सांता आनाची मार्केसा, म्हणजे सरदारीण, ही म्हातारी व प्रेमळ होती. तिनें त्याला मांडीवर खेळविलें. तो तिला आई म्हणे. मुलाची स्मरणशक्ति विलक्षण. देवळांत ऐकलेलीं प्रवचनें तो घरीं येऊन पाहुण्यांपुढें जशींच्या तशीं म्हणून दाखवी, आणि पाहुणे कौतुक करीत. पाळलेल्या पोपटाचें कौतुक व या मुलाचें कौतुक यांत फरक किती होता, हें ती वृद्धा वारल्यावर कळलें. कांहीं वर्षांनीं तो प्रादो आमेनोच्या मार्केसेकडे गेला. ही बाई क्षणांत त्याला भरजरी पोशाख चढवून नाटकाला घेऊन जाई आणि क्षणांत कोंडून ठेवी.

एके दिवशीं बागेंत तिच्या मागें उभा असतां त्याच्या हातून सहज एका जिरेनियमच्या रोपाचें पान खुडलें गेलें. तें त्यानें चुरगाळलें. त्याचें मन कुठल्याशा पद्याच्या ओळी जुळविण्यांत गुंतलेलें होतें. मालकिणीला वास आला. एका पानापायीं त्याच्या नाकावर ठोसे बसले, रात्रभर त्याला खोड्यांत अडकवून एका थंडगार खोलींत डांबण्यांत आलें, आणि सकाळीं फटके मिळाले. त्या खोलींत पुरण्यापूर्वीं प्रेतें ठेवीत असत. दुसऱ्या एका प्रसंगीं त्याला शिक्षेसाठीं नेत असतां आई आडवी आली, तर तिच्यावरही हात पडला. आपल्या आईला मार बसलेला त्यानें तेव्हां प्रथम पाहिला.

गुलामाच्या मुलानें लिहावयास शिकणें हें त्या घरांत त्याच्या पायरीला सोडून होतें. इतर नोकरांशीं बोलण्याचीही त्याला मनाई असे. म्हणून तो दहा दहा ओळींचीं कडवीं मनांतल्या मनांत रची आणि पाठ करून ठेवी. कागद नव्हता, तेव्हां स्मृति हाच कागद. पुढें मालकिणीचा दुसरा मुलगा डॉन निकोलास याच्या सेवेंत असतां त्यानें एक युक्ति काढली. धनी लिहून टाकून देई ते चिटोरे तो गोळा करी, सपाट करी, त्यांवर पातळ कागद ठेवून खालचीं अक्षरें गिरवी. डॉन निकोलास मनानें वाईट नव्हता, पण हें पाहून त्यानेंही सांगितलें, कीं हें तुझ्या स्थितीला शोभत नाहीं, त्यापेक्षां शिवणकाम शीक. मान्सानो शिवणकाम शिकला आणि रात्रीं मेणबत्तीच्या तुकड्याच्या उजेडांत गिरवीतही राहिला. परिणाम असा झाला, कीं त्याचें हस्ताक्षर हुबेहूब धन्याचें झालें. गुलामीचें वर्णन करणारे शब्द धन्याच्या वळणाच्या अक्षरांत लिहिले जावे, यांत जें आहे तें मी शब्दांत मांडूं शकत नाहीं. या माणसाचीं पद्यें १८२१ सालीं, म्हणजे तो गुलाम असतांनाच, छापून निघालीं होतीं!

आणखी एक प्रसंग सांगतों, कारण फटक्यांपेक्षांही तो मला जास्त क्रूर वाटतो. आई वारल्यावर तिची पेटी त्याच्या हातीं आली. तींत सोन्याच्या कांहीं बांगड्या होत्या, आणि कांहीं जुने कागद होते. ते कागद म्हणजे मालकिणीकडून आईला येणें असलेल्या पैशांच्या पावत्या होत्या. बांगड्या विकून त्यानें आईच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करविल्या, आणि भीत भीत पावत्यांची गोष्ट मालकिणीपाशीं काढली. ती संतापली. गुलामाच्या मिळकतीला वारस कोण, हें तिनें त्याला बजावून सांगितलें. त्यानंतर फार दिवस गेले नाहींत. एका रात्रीं घोड्यावर खोगीर चढवून तो हवानाच्या वाटेला लागला.

हें सारें आपल्याला ठाऊक आहे, तें मान्सानोनें स्वतः लिहून ठेविलें म्हणून. ज्या बैठकीचा मीं आरंभीं उल्लेख केला, तिचे चालक डोमिंगो देल मोंते यांच्या सांगण्यावरून १८३५ सालीं त्यानें आत्मचरित्र लिहिलें. स्पॅनिश अमेरिकेंत गुलामानें लिहिलेलें असें दुसरें आत्मचरित्र उपलब्ध नाहीं, असें विद्वान् सांगतात. परंतु या लेखनाचें पुढें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. मूळ लेखनांत विरामचिन्हें जवळजवळ नव्हतीं, आणि शब्द बोलण्यांत येतात तसे लिहिलेले होते. आन्सेल्मो स्वारेझ इ रोमेरो या तरुण लेखकानें तें शुद्ध केलें. क्यूबांत तें छापणें राजसत्तेच्या धाकामुळें अशक्य होतें. हवानांत मुक्त आफ्रिकनांच्या देखरेखीसाठीं नेमलेला रिचर्ड रॉबर्ट मॅडन नांवाचा आयरिश डॉक्टर होता. त्यानें तें इंग्लंडला नेलें आणि १८४० सालीं लंडनमध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. अमिस्टाड जहाजावर बंड करून उठलेल्या आफ्रिकनांच्या खटल्यांत १८३९ सालीं अमेरिकेंत जाऊन साक्ष देणारा तो हाच मॅडन. माणूस तळमळीचा, यांत शंका नाहीं. पण त्यानें भाषांतर करतांना कांहीं घटना गाळल्या, कांहींचा क्रम फिरविला, लेखकाचें नांव झांकलें, आणि पुस्तकाच्या आरंभीं गुलामगिरीवरच्या स्वतःच्या दोन लांबलचक कविता घातल्या. गुलामाला बोलूं देण्यापूर्वीं त्याच्या हितचिंतकाला स्वतः बोलावेंसें वाटलें. मूळ स्पॅनिश लेखन पुस्तकरूपानें बाहेर पडावयास १९३७ साल उजाडलें. म्हणजे लिहिल्यापासून १०२ वर्षें गेलीं. आत्मचरित्राचा दुसरा भागही त्यानें लिहिला होता. तो एका साहित्यिकाच्या हातीं गेला आणि तेथेंच हरवला.

म्हणून एंगलबाईंचें पुस्तक हातीं घेतांना माझ्या मनांत आधीं शंकाच होती. एकानें शुद्धलेखन सुधारलें, दुसऱ्यानें भाषा बदलली. आतां ही तिसरी व्यक्ति त्याच्या तोंडीं सगळेच शब्द नवे घालणार, तेही इंग्रजी! दयाळू हातांनीं गुलामाचें किती वेळां संपादन करावयाचें? ऐतिहासिक कादंबरीकाराला आपण जी मोकळीक देतों, ती येथें द्यावी काय, हा प्रश्न मला लहान वाटत नाहीं. राजे आणि सेनापति यांच्या तोंडीं कल्पित संवाद घातले तर त्यांचें फारसें बिघडत नाहीं. त्यांचीं पत्रें, फर्मानें, बखरी पाठीशीं उभ्या असतात. ज्याची उभी हयात दुसऱ्यानें त्याच्यासाठीं बोलण्यांत गेली, त्याच्या बाबतींत तेंच कृत्य निराळें होतें.

पुस्तक वाचून झाल्यावर माझी शंका अर्धी फिटली. याचीं कारणें दोन. मान्सानोची स्मृतीच मुळीं पद्यमय होती. ज्या मुलानें कागदावांचून मनांत कडवीं रचलीं, त्याचा अंतरंगांतला आवाज पद्यांत ऐकूं यावा, हें त्याच्या जीवनाला धरून आहे. गद्य कादंबरीनें त्याला लांब लांब सुसंगत वाक्यांत विचार करावयास लावलें असतें, आणि तें खोटें वाटलें असतें. दुसरें कारण कोऱ्या जागेचें. स्वतः मान्सानोही आत्मचरित्रांत कित्येक ठिकाणीं थबकतो, कांहीं प्रसंगांवर पडदा टाकावा म्हणतो आणि पुढें जातो. हें आत्मचरित्र ज्यांच्यासाठीं लिहिलें त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं गुलाम होते, हें त्याला विसरतां येत नव्हतें. गद्य लेखकाला अशी खिंड दिसली, कीं ती बुजविण्याचा मोह होतो. पद्याला ती तशीच ठेवतां येते. फटक्यांचें वर्णन एका कवितेंत अर्धवट सुटतें आणि पुढच्या पानावर मुकादम आपल्या कामाविषयीं त्रासिकपणें बोलूं लागतो; या दोहोंच्या मधें जें राहिलें तें लेखिकेनें भरलें नाहीं.

उरलेली अर्धी शंका मालकिणीविषयींची. तिच्या तोंडच्या कविता चटकदार आहेत, पण तिचा स्वभाव मान्सानोच्या लेखनांत जितका गुंतागुंतीचा दिसतो तितका या कवितांत उतरलेला नाहीं. मूळ आत्मचरित्रांत गुलाम आपल्या छळणारीवर प्रेमही करतो, तिच्या दोन गोड शब्दांसाठीं झुरतो, आणि हें तो लाजत लाजत कबूल करतो. गुलामगिरीचा खरा विषार तो. बाईच्या निव्वळ दुष्टपणानें तो समजत नाहीं.

पद्यमय कादंबरीच्या या प्रकाराला एक वडीलधारें काव्य आहे, त्याचा येथें उल्लेख करावयास हवा. स्टीफन व्हिन्सेंट बेने या अमेरिकन कवीनें १९२८ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धावर एक ग्रंथभर लांबीचें कथाकाव्य लिहिलें, आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांत त्यानें गोऱ्या सैनिकांपासून पळालेल्या गुलामापर्यंत सर्वांना जागा दिली. पण काळ्या लोकांचें महाकाव्य गाणें आपल्याच्यानें होणार नाहीं, अशी प्रामाणिक कबुलीही त्याच काव्यांत देऊन ठेवली. पुढील पिढ्यांतील काळ्या लेखकांनीं हें काम आपल्या पद्धतीनें हातीं घेतलें. ॲशली ब्रायन या वृद्ध चित्रकार-लेखकाच्या हातीं १८२८ सालची एका मळ्याच्या मालमत्तेची यादी आली. तींत गाईगुरें, डुकरें, कापूस यांच्या रांगेंत अकरा गुलामांचीं नांवें व किंमती होत्या. एवढ्याच आधारावर त्यानें २०१६ सालीं त्या अकरा जणांना पद्यांत बोलतें केलें. आधीं किंमत छापावयाची, मग त्या माणसाचें बोलणें, आणि मग त्याचें स्वप्न. येथें कल्पना फार आहे. पण ती कोणत्या तोकड्या कागदावर उभी आहे, हें प्रत्येक पानावर दिसतें, आणि म्हणून फसवणूक होत नाहीं.

एंगलबाईंचें २००८ सालचें पुस्तक अधिक विस्तृत आहे. त्याची नायिका रोसा ही ऐतिहासिक व्यक्ति आहे. बायामोची रोसा म्हणून ती क्यूबांत प्रसिद्ध होती आणि १९०७ सालीं वारली. गुलामीत जन्मलेली ही बाई डोंगरांतल्या गुहांत दवाखाने थाटी आणि झाडपाल्यानें जखमी सैनिकांना बरें करी. १८६८ च्या १० ऑक्टोबरला कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस या मळेवाल्यानें आपले गुलाम मोकळे केले आणि स्पेनविरुद्ध बंडाचें निशाण उभारलें, तेथून क्यूबाचा स्वातंत्र्याचा लढा व गुलामांच्या मुक्तीचा लढा एकमेकांत मिसळले. पुस्तकांतील मला सर्वांत आवडलेला धागा असा: पळालेल्या गुलामांची शिकार करणाऱ्याचा एक मुलगा असतो; रोसा त्याला लहानपणापासून ओळखते. मोठेपणीं तो तिच्याच जिवावर उठतो, जखमी होऊन तिच्याच हातीं येतो, ती त्याला बरें करते, आणि बरा होऊन तो पुन्हां तिचा माग काढूं लागतो. त्याचें मनःपरिवर्तन घडवून आणण्याचा मोह लेखिकेनें आवरला, याबद्दल तिचे आभार मानावेत. शेवटीं १८९८ सालीं सांतियागो शहरांत स्पेनची फौज शरण आली ती अमेरिकन सेनापतीला. तीस वर्षें लढलेल्या क्यूबन सैन्याला त्या समारंभांत येऊं दिलें नाहीं.

क्यूबांत गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८८६ सालीं. १८४१ च्या खानेसुमारीप्रमाणें त्या बेटावर ४,३६,४९५ गुलाम होते; गोऱ्यांची संख्या त्याहून कमी भरली होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांना तें अर्पण केलें, हें आपणां सर्वांस माहीत आहे. त्या अर्पणपत्रिकेची शाई वाळत होती तेव्हां क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत गुलाम अजून राबत होते, आणि पुढें तेरा वर्षें राबावयाचे होते. आणखी एक गोष्ट ओघानें सांगतों. कुणबीण आणि बटीक हे शब्द आपल्याच भाषेंतले आहेत. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ब्रायननें पाहिलेल्या यादीहून त्यांचें स्वरूप फारसें निराळें नाहीं. पण त्यांच्यावर कोणी असें काव्य लिहिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आतां मान्सानोकडे परत येतों, कारण त्याची कथा मुक्तीपाशीं संपली नाहीं. १८४४ सालीं क्यूबांत गुलामांच्या कटाच्या संशयावरून जी धरपकड झाली, तिला शिडीचा कट असें नांव पडलें. कबुलीजबाब काढण्यासाठीं माणसांना शिडीला बांधून फटके मारीत, त्यावरून तें नांव. मुक्त असलेल्या काळ्या व मिश्रवर्णीय लोकांवर या वेळीं विशेष रोख होता. प्लासिदो या लोकप्रिय कवीला २८ जून १८४४ रोजीं मातान्सास येथें गोळ्या घालून ठार केलें. मान्सानोलाही पकडलें. जवळजवळ एक वर्ष तो तुरुंगांत राहिला. त्याच्यावर कांहीं शाबीत झालें नाहीं आणि त्याला सोडलें. त्यानंतर सुमारें दहा वर्षें तो जगला. गुलाम असतां ज्यानें चोरून लिहिलें, त्यानें स्वतंत्र नागरिक म्हणून या दहा वर्षांत कांहींही छापलें नाहीं.

या दहा वर्षांवर पद्यांची एक माळ रचणें एंगलबाईंना अवघड नव्हतें. तुरुंग, शिडी, मारला गेलेला मित्रकवि, मिटलेलें तोंड. कोणत्याही कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावें अशी ही सामग्री. परंतु त्या भागाची वार्ता त्यांनीं शेवटच्या टिपणांत चार गद्य वाक्यांत दिली आहे. त्यांचें पद्य मान्सानोच्या उरलेल्या वहीबरोबर चालतें, आणि ती वही जेथें तुटते तेथें तेंही थांबतें: रात्र आहे, घोड्यावर खोगीर चढलें आहे, आणि हवाना अजून दूर आहे.